घोळक्याला एक मोजलं

मावशीच्या हातून रंगात घालायच्या पुडीची बाटली सांडली, म्हणून कारखान्याच्या रंगकाम-शेडमधला फवारेवाला खोकून खोकून हॉस्पिटलात पडला, असं बोललं जातं. साफ खोटं. माझ्या मावशीच्या हातून सव्वीस वर्षांत पाण्याचा थेंब सांडलेला नाही. तिच्या हातून गेला तो एक आकडा. तीनशे.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती पुडीचे कण मोजायची, नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात. पूड पाण्यात ढवळायची, डबी मशीनमध्ये सरकवायची, आकडा लिहायचा. तीनशे म्हणजे जाड पूड, आणि जाड पुडीला साधा कापडी मास्क चालतो, असा तिथला नियम. मग दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेने तीच पूड आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजली. आले चाळीस!

मावशीने जेवणाच्या सुट्टीत ते मानक वाचून काढलं. आधी घोळके सोडवा, मग मोजा, कसे सोडवले तेही लिहा. पाण्यात कण एकमेकांना बिलगतात आणि मशीन अख्ख्या घोळक्याला एक कण धरतं. फवाऱ्याच्या दाबाने तोच घोळका फुटतो आणि कापडी मास्कातून थेट छातीत उतरतो.

ती तडक साहेबांकडे गेली. साहेब दर वाक्याला पेन आपटतात.

"आकडा आला? आला." टक्! "मग विषय संपला की!"

"चुकीचा आला, साहेब."

"अहो बाई, ही आपली पद्धत आहे. घरची!"

"घरची आहे म्हणूनच जगाशी जुळत नाही."

"तो फवारेवाला सिगारेटी फुंकायचा म्हणे."

"शेडमधले उरलेले अकरा फवारेवाले नाही फुंकत. ते आत्ता फवारतायत."

तिने पत्र दिलं: या पुडीचे सहा वर्षांतले माझे आकडे चुकलेत, काम थांबवा. खाली पूर्ण सही. आई कडाडली, "ताई, स्वतःच्या हाताने स्वतःचा गळा कापतेस!"

"माझा गळा शाबूत आहे गं. त्यांचं काय?"

मी पैज लावली, आजच्या आज फवारे बंद होणार. मावशी म्हणाली, "आधी कमिटी बसेल. हरलीस तर माझ्याबरोबर हॉस्पिटलात यायचं."

कमिटी नऊ दिवस बसली, 'कण' म्हणायचं कशाला यावर. फवारे चालूच. दहाव्या दिवशी मी मुकाट तिच्यामागे वॉर्डात गेले. फवारेवाल्याच्या शेजारच्या खाटेवर त्याच शेडमधला आणखी एक होता.

"किती वर्षं होतात तिथे?" मावशीने विचारलं.

त्याने चार बोटं दाखवली; चारही वर्षं मावशीच्या तीनशेच्या भरवशावर, कापडी मास्कात. बोलायला दम नव्हता.