रातव्याभोवतीचं रिंगण

ईरा, नील, होळी सरली की आपल्या अंगणात तिन्हीसांजेला तीन वास एकमेकांत मिसळतात: हरभऱ्याच्या भुसाचा, नुकतंच पाणी घातलेल्या तुळशीच्या मातीचा, आणि वारा फिरला की शेजारच्या द्राक्षबागेतल्या औषधाचा, जो घशाशी येऊन थांबतो. पूर्वी या वासांच्या मागोमाग माळावरून एक आवाज यायचा. चक्-चक्-चक्, आणि शेवटी हातातून निसटलेली पितळी ताटली फरशीवर थरथरत स्थिर व्हावी तशी एक बारीक थरथर. तो रातवा. तुमच्या पणजीने दिवेलागणीची वेळ घड्याळाला कधी विचारली नाही. रातवा बोलला की हातातलं काम ठेवून ती वात पेटवायची. इंग्रजी शिकवत शाळेच्या घंटेवर आयुष्य काढलेल्या मला ही रीत आधी अजब वाटली, पण ऋतूप्रमाणे संध्याकाळ पुढेमागे सरकते तसा तोही सरकतो, हे ध्यानात आल्यावर मीही त्याच्याच हुकमात राहू लागले.

हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, खडे आणि पाचोळा यांच्यात अंडी ठेवतो आणि दिवसभर त्यांच्यावर वाळल्या पानासारखा पडून राहतो. न दिसणं एवढीच त्याची मिळकत. उजेड मावळला की उठतो आणि रुंद तोंड उघडून पतंग, भुंगेरे टिपत मुका उडतो. पाऊस सरून धनगरांचे कळप परतले, माळावर मेंढ्या बसल्या, की त्यांच्याभोवती घोंगावणाऱ्या किड्यांसाठी कितीतरी रातवे जमत. आता ओझरच्या वाटेपर्यंत माळाला तारेची कुंपणं आहेत. मेंढरं रस्त्यानेच पुढे जातात. रात्री शेवंतीच्या वाफ्यांवर दिव्यांच्या माळा जळतात, कारण लांबवलेल्या दिवसाला फसून शेवंती उशिरा फुलते आणि भाव चढल्यावर बाजारात जाते. गावातले सगळे पतंग त्या दिव्यांखाली जमतात, आणि त्यांच्याखालचं पीक तर दर काही दिवसांनी फवारलेलं असतं.

यंदा मागच्या माळाच्या कोपऱ्यात एकच जोडी उरली होती. फिरताना माझ्या पावलापुढून एक पान उडालं आणि खाली मातकट गुलाबी, डागाळलेली दोन अंडी दिसली. तो कोपरा शेवंतीसाठी सपाट करायचा होता. तुमच्या संपतकाकाला, म्हणजे माझ्या पुतण्याला, मी म्हटलं, पिल्लं उडेपर्यंत थांब.

"पाखरापायी जेसीबी थांबवू? लोक हसत्याल राव मला," तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "बरं बरं, थांबवतो. काकीचं इंग्लिश पाखरू! ईरा-नील डिसेंबरात सुट्टीला गावी आली की त्यांना ऐकवू."

तेवढ्याच शब्दावर विसंबून मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले. मोतीबिंदू निघाला आणि जग धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ झालं. परतताना जीपमधून उतरले तेव्हा त्या नव्या दृष्टीला माळावर सगळ्यात आधी दिसलं ते पांढरं रिंगण. चुना फासलेले दगड गोल मांडलेले, मध्ये काठीला लाल फडकं, आणि बांबूवर शेवंतीच्या ओळीतून काढून आणलेला एक दिवा, भर दुपारीही जळणारा.

संपत हसत समोर आला. "कसं केलंय काकी? लई झ्याक ना? ट्रॅक्टरवाल्याला लांबून दिसावं म्हणून चुना मारला. आन् पोरांना मोबाईलवर दाखवायला उजेड नको व्हय?"

रिंगणात टरफलाचे दोन तुकडे होते. कावळा असेल, मुंगूस असेल. बोलावणं सर्वांनाच गेलं होतं.

तो वाकून बघत राहिला. खरोखर खट्टू झाला होता. मग चिडून म्हणाला, "पाखरू बी येडंच की! एवढी सोय केली, तर नांदाय नको?"

मला त्याला बोल लावता आला नाही. शिवेवरच्या दगडात देव दिसला तरी आपण हेच करतो: चुना, लाल निशाण, दिवा. जे जपायचं ते उजळायचं, एवढीच आपली जपण्याची रीत, आणि तिच्यात ज्याला अंधार हवा त्याच्यासाठी जागाच ठेवलेली नाही. जोडी परत आली नाही. पाडव्याच्या आधी कोपरा सपाट झाला. ते दगड आता वाफ्याच्या कडेला कामी आले आहेत.

गेल्या रविवारी फोनवर, ईरा, तू हट्ट धरलास, "आजी, तो दिव्याचा पक्षी ऐकव ना." डिसेंबरची वाट पाहायला नको म्हणालीस. सांगायचं धैर्य झालं नाही. मी फोन घेऊन ओट्यावर गेले आणि माळाच्या दिशेने धरला. वाफ्यांवर दिवे लागले होते. इतका उजेड, की आपल्या तुळशीपुढे वात पेटली आहे की नाही हे मला जवळ जाऊन पाहावं लागलं. तू बराच वेळ कान देऊन होतीस. मग म्हणालीस, "आजी, तू म्यूटवर आहेस का?"

मी पडद्यावर पाहिलं. नव्हते.