जाड कडेचे व्हॉल्व्ह

नणंद म्हटली की नाक मुरडायचं, असा जगाचा रिवाज आहे. मी मात्र माझ्या नणंदेबद्दल कुणी विचारायची वाटच बघत असते. नाही विचारलं तरी सांगते.

आमच्या ताई इंजिनाची हेड, त्याची वरची भरीव झाकणं, बांधतात. हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात, म्हणजे इंजिनाची दारं. काही हवा आत घेतात, काही जळका धूर बाहेर सोडतात. शर्यतीच्या गाड्यांचं हे वर्कशॉप सासऱ्यांनी काढलं आणि मुलीला एकच मंत्र दिला, "हलकं ते पळतं." त्यामुळे व्हॉल्व्ह हातात आला की ताई त्याचं तोंड वाटीसारखं कोरायच्या, कड घासून पातळ करायच्या. डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला की कुठे केसभर जास्त आहे ते त्यांना कळायचं. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, याच इंजिनांवर डोंगरचढाच्या शर्यती जिंकत आला. श्रेय अर्थात स्वतःच्या पायाला द्यायचा.

मग त्यानं आणखी ताकदीसाठी इंजिनाला टर्बो बसवायचं मनावर घेतलं. ताईंनी नेहमीसारखंच सुबक हेड बांधून दिलं. सरावाला गाडी आधी सुसाट गेली आणि मोठ्या वळणावर खोकायला लागली. परत आली तेव्हा एक सिलिंडर मेला होता.

वर्कशॉपमध्ये सगळे जमले. नवरा म्हणाला, पेट्रोलच भेसळीचं होतं. त्याचा दोस्त गाडीचं ट्यूनिंग करतो आणि उरलेल्या वेळात सल्ले देतो. तो म्हणाला, आज ऊनच फार होतं. ताईंकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर तिथेच मिटलं असतं. पण त्यांनी हेड उघडलं, धुराच्या बाजूचा व्हॉल्व्ह काढला आणि सगळ्यांसमोर दिव्याखाली धरला. त्याची कड कुरतडलेल्या बिस्किटासारखी दिसत होती.

"पेट्रोलला कशाला नावं ठेवता? ही कड मी घासली, सवयीनं घासली. टर्बोपाशी धूर तुंबतो, आच हटतच नाही. एवढीशी कड सोसून सोसून किती सोसणार?"

"मी आधीच म्हणत होतो, हेड दुसरीकडे द्या," दोस्त लगेच बोलला. नवऱ्यानं त्याला अडवलंसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागलं. शर्यत तोंडावर आली होती. गाडी पुन्हा बंद पडली असती तर ताईंच्या हाताला कायमचा बट्टा लागला असता.

ताईंनी नवे व्हॉल्व्ह निवडले. ते बघून नवरा म्हणाला, "हे काय, हातोडे?"

"पूर्वी इंजिन हवा ओढून घ्यायचं, आता टर्बो ती कोंबतोय. दारं दणकट नकोत?" त्यांनी एक उलटा करून दाखवला. तोंड सपाट, कड जाड, आणि दांडीपाशी भरदार गोलाई, म्हणजे आच दांडीतून खाली उतरते.

"मग सगळेच असले घाल."

"नको. हवा घेणाऱ्यांना तेवढी आच लागत नाही. उगाच वजन वाढवलं तर दारं मिटणाऱ्या स्प्रिंगा बोंबलतील."

ताईंच्या डोक्याला पटलं होतं, पण हाताला कोण समजावणार? म्हणून ताईंनी ग्राइंडरचा दगड काढून माझ्याकडे दिला. "शर्यतीपर्यंत मागितला तरी देऊ नकोस." मी तो कपाटात चादरींखाली लपवला. एकदा चहाचं निमित्त करून आल्या आणि कपाटाकडेच बघत बसल्या. "जरासाच हात मारते गं."

"ताई, चहा गार होतोय," मी म्हटलं. सासरी मी एवढा अधिकार कधी गाजवला नव्हता!

दोस्तानं दुसरीकडून एक हेड आणलंच. दोन्ही टेबलावर ठेवली. नवऱ्यानं ताईंचं उचललं. "जी आपली चूक चारचौघांत दाखवते, ती मला फसवायची नाही," म्हणाला. लग्न झाल्यापासून इतकं शहाणं वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी आम्ही दोघी पायथ्याशी उभ्या होतो. गाडी दिसेनाशी झाली, नुसता आवाज येत राहिला. मोठं वळण आलं तसा ताईंनी माझा दंड असा धरला की वळ उठले. आवाज खोकला नाही. चढत गेला, डोंगरामागे गेला आणि मग ऐकूच येईना.

फोन वाजला तो ताईंचा. "ताई, पहिला आलो! अगं, तुझं इंजिन अजून चढ मागत होतं!"

त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. माझा फोन माझ्या हातातच होता, गप्प. नवऱ्यानं जिंकल्यावर बायकोच्या आधी बहिणीला फोन केला, आणि माझी मान अभिमानानं ताठ झाली.