दर्ग्यापाशी घर

गफ्फारभाई पिंजारी कसा मानूस हाय म्हणून कोनी इचारलं तर मी सांगीन, बापा, इतका भोळा मानूस साऱ्या मंगरूळपीरात नाई. तारीफ नाई करून राह्यली मी, राग येते म्हणून सांगते. एवढं भोळं असू नये मानसानं.

मी मनकर्णाबाई, त्याची शेजारीन. भिंतीले भिंत लागून आमची घरं, बस स्टँडाच्या पल्याड, नाल्याच्या काठानं. तिथं ना घराले नंबर, ना गल्लीले नाव. गफ्फारभाई जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजून देते, त्याची बायको सितारा त्या शिवते. मशीन घेऊन आसेगावापर्यंत फिरते बिचारा. गिऱ्हाईकानं घर इचारलं का त्याचा एकच जबाब, "दर्ग्यापाशी या, गफ्फार पिंजारी म्हना, कोनीबी आनून सोडन." खरं तर दर्गा आमच्यापासून चांगला दूर हाय. पन आमी सारेच तसं सांगतो. नाल्याचं नाव सांगतलं तर कोनाले काय समजन?

मोठा पोरगा दानिश नववीतूनच शाळा सोडून बापासंगं मशीनवर बसला, ते गफ्फारभाईच्या जिवाले लागलं होतं. म्हणून धाकट्या इफ्राचं त्यानं मनावर घेतलं. इंग्रजी शाळेत पंचवीस टक्के जागा गरिबाच्या लेकराइसाठी, फुकटात, असा सरकारचा कायदा हाय. दर्ग्याच्या अंगाले जी मोठी शाळा हाय, तिथल्या लहान पोराइच्या गाद्या यानंच भरल्या होत्या. मले म्हने, "बाई, गाद्या आपल्या हातच्या, मंग आपल्या पोट्टीनं त्याच्यावर काहून नाई बसावं?"

फारम भराले नेटवाल्या प्रज्वलच्या दुकानात गेला. प्रज्वलनं नकाशा उघडला अन् घर कुठं दाखवू म्हणून इचारलं. गफ्फारभाईनं जनमभर सांगतलं तेच सांगतलं, दर्ग्यापाशी. प्रज्वलनं नकाशावर दर्ग्यापाशी घराची निशानी टाकली. त्याले तरी काय वाटन? सारं गाव तसंच बोलते.

अन् सोडतीत नंबर लागला! सितारानं शिरा करून मोहल्ल्यात वाटला. गादीच्या उरलेल्या पट्ट्याच्या कापडाचं दप्तर शिवलं. पोट्टी ते पाठीले अडकवून जेवे अन् तसंच झोपे. मी चिडवलं, "इंग्रजी मॅडम, आमच्यासंगं बोलसान का नाई आता?" तर लाजून मायच्या मागं लपली. लय गोड लेकरू.

मंग पडताळनीवाले घर पाहाले आले. दर्ग्यापाशी इचारलं, तिथल्या फुलवाल्यानं मोठ्या हौसेनं नाल्याकाठी आनून सोडलं. त्याइनं घर पाह्यलं, नकाशा पाह्यला, अन् कागदावर काईतरी लिहून गेले. दुसऱ्या दिवशी शिक्षन हापिसातून बोलावनं आलं. सितारा मले म्हने, "तुमी चला बाई, तुमाले बोलता येते." गेली मी.

साहेब म्हनले, "शाळेपासून एक किलोमीटरच्या आत ज्याचं घर, त्याचा हक्क पहिला. तुमचं घर आत दाखवलं, पण ते बाहेर आहे. पत्ता खोटा आहे. प्रवेश रद्द."

मी तर तडकलीच. म्हटलं, "साहेब, मानूस गरीब हाय हे खोटं हाय का? लेकरू खोटं हाय का? मंग कायले रद्द?"

"बाई, नियम मी केला नाही," साहेब म्हनले. वाईट मानूस नव्हता तो. गफ्फारभाईले पानी देल्लं त्यानं.

गफ्फारभाईनं पानी घेतलंच नाई. हात जोडून म्हने, "साहेब, झूट नाई बोललो आमी. साऱ्याइले सांगतो तसंच तुमाले सांगतलं."

घरी आल्याबरोबर तो मशीनवर बसला. मी म्हटलं, वरच्या साहेबाकडं जाऊ, भांडू. नाई म्हने. खोटा म्हणवून घेतलं एकदा, आता पुन्हा कोनासमोर उभं राहू? असा राग आला मले! त्याचा आला, साहेबाचा आला, अन् तो एक किलोमीटरचा नियम काढनाऱ्याचा तर लयच आला. अवं, गरीब मानूस इंग्रजी शाळेच्या बाजूले कुठं राह्यते? तिथं जागा घेनं परवडलं असतं तर तुमचे पंचवीस टक्के कोनाले पाहिजे होते?

पुढचं आयका. त्या जागेसाठी इफ्राच्या मागं ज्याचा नंबर होता, त्याच्या बापानं वाट पाहून पाहून पोराले दुसऱ्या गावच्या शाळेत टाकलं होतं. ती जागा वर्षभर खालीच राह्यली. जीव जळते माझा आतापन, सांगताना.

शेवटी इफ्राचं नाव आमच्या नाल्याजवळच्या सरकारी शाळेत टाकलं. सितारा गाद्याच्या कामात होती, म्हणून पहिल्या दिवशी मीच घेऊन गेली. पट्ट्याचं दप्तर पाठीवर होतं. रंजीता मॅडम चांगली बाई. खाली बसून, गालाले हात लावून तिनं इचारलं, "इफ्रा, तुझं घर कुठं आहे गं?"

पोट्टीनं दप्तराचे पट्टे घट्ट धरले. माझ्याकडं पाह्यलं, मॅडमकडं पाह्यलं, अन् मान हालवली.

"नाई सांगत," म्हने. "घर सांगतलं का शाळेतून काढून टाकतेत."

मॅडम माझ्या तोंडाकडं पाहून राह्यली. मोठी बोलनारी मी, पन खाली वाकून पोट्टीच्या दप्तराचे पट्टेच सारखे करत राह्यली.