ॲडजस्ट केलेली जन्मतारीख

आमच्याकडे ॲडजस्ट हा शब्द शाळेत न गेलेल्या माणसालाही येतो. पारनेरहून नगरला येणाऱ्या एसटीत दोघांच्या बाकावर तिसरा टेकतो आणि म्हणतो, "बाबा, जरा ॲडजस्ट करा." आपण खिडकीला चिकटतो. नव्या सुनेला सासरी पहिल्या आठवड्यातच हा शब्द ऐकवतात. तिथे त्याचा अर्थ गप्प राहा असा असतो. माझा मुलगा सुप्याच्या कारखान्यात मशीन ॲडजस्ट करतो. तिथे केसाएवढा फरक राहिला तरी माल परत येतो. मी शाळेत तो शब्द वापरला, तो यातल्या कशातच बसत नाही. ते आता लिहून टाकतो. थकवा फार आहे. चार ओळी झाल्या की पेन खाली ठेवावं लागतं.

पारनेर तालुक्यातल्या एका गावात मी मुख्याध्यापक होतो. पहिली ते दहावी एकच शाळा. मुलाला पहिलीत घालताना आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसायची, मग आम्ही एक जून लिहायचो. वर्ष अंदाजाने. निम्मी शाळा एकाच दिवशी जन्मलेली होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

एका मुलीची तारीख मात्र खरी होती. तिच्या आईने दवाखान्याची चिठ्ठी आणली होती आणि ती बघून मीच रजिस्टरमध्ये लिहिली होती. मुलगी नववी पास झाली त्या उन्हाळ्यात तिचे वडील ऑफिसात आले. चांगला बागायतदार माणूस, शाळेच्या कुंपणाला पदरच्या तारा देणारा.

"गुरुजी, पोरीचं तेवढं ॲडजस्ट करा. पाव्हनं लई चांगलं हायेत. सामुदायिक लग्नात नाव घालायचंय, ते वयाचा दाखला मागत्यात."

"तिची तारीख खरी आहे हो."

"तुमच्या शाळंत समदी पोरं एक जूनला जलमत्यात, तवा न्हाई कुनी इचारलं!" ते हसले. मीही हसलो.

रजिस्टरात वर्षाचा आकडा मी माझ्या हाताने फिरवला. पंधराची मुलगी अठराची झाली. दाखला लिहून ठेवला. तो न्यायला मुलगी स्वतः आली आणि दारातच उभी राहिली.

"सर, मला दहावीला बसायचंय."

"सासरी गेलीस तरी शिकता येतं. थोडं ॲडजस्ट कर."

तिने दाखला घेतला. त्यावरची तारीख तिने वाचली, हे मी पाहिलं होतं.

मी निवृत्त होऊन भिंगारला राहायला आलो. परवा ती माझ्या दारात आली. आधी ओळखलं नाही. तिने गावाचं नाव सांगितलं, मग तिला बस म्हणायचंही मला सुचलं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिने दहावी आणि बारावी बाहेरून केली होती. गावातल्या अंगणवाडीत मदतनीसाची जागा निघाली होती आणि अट पस्तिशीची होती.

"कागदावर छत्तीस आहे सर. मी तेहेतीसची आहे. आधारवर पण तुमचीच तारीख चढलीय."

दवाखान्याची चिठ्ठी कधीच हरवली होती. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद सापडली नाही. मुख्याध्यापकाने लेखी दिलं तर दुरुस्तीचा अर्ज तरी घेतील, असं वकिलाने तिला सांगितलं होतं. होईलच असं नाही.

"पेन्शनीला काही होईल का तुमच्या?" तिनेच विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

कागद घेऊन बसलो. 'मुलीच्या वडिलांच्या आग्रहावरून मी रजिस्टरमधील जन्मवर्ष बदलले' असं लिहून तिच्यापुढे सरकवलं. तिने दोनदा वाचलं.

"दादांचं काढा यातनं."

"अगं, पण ते खरंच आहे."

"खरं आहे. दादा गेले, त्यांच्याशी माझं जे काय होतं ते मी बघून घेतलं. रजिस्टर तुमच्याकडं होतं ना?" मग थोडं थांबून ती म्हणाली, "आणि मी आले होते तुमच्याकडं. मला शिकायचंय म्हणाले होते. ते कुठं लिहिलंय?"

इतकी वर्षं स्वतःला ही हकीकत सांगताना मी वडिलांपासून सुरुवात करायचो. दारातली मुलगी त्यात कधीच यायची नाही.

दुसरा कागद घेतला. वडिलांना वगळलं. मी, माझ्या हाताने, खरी तारीख माहीत असताना, असं लिहिलं. पुढे लिहिलं की विद्यार्थिनीने पुढे शिकायचे असल्याचे मला समक्ष सांगितले होते आणि मी तिचे ऐकले नाही. तिने तो वाचला, घडी न घालता पिशवीतल्या फाईलमध्ये ठेवला. चहा केला होता, तो तिने घेतला नाही.

"सोमवारी पारनेरला यावं लागेल, सर. सही तहसीलदार साहेबांसमोर करायची असते. नऊच्या गाडीनं या."

येतो म्हणालो.