मागच्या बाकावरून

आज कॉलेजात परिपत्रक आलं. सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास अजून ओला होता. नोट्स सांगणं बंद करा, विद्यार्थ्यांना बोलतं करा, असा आदेश होता. ते वाचताच मला मेश्राम आठवले.

बारा वर्षांपूर्वी ते आमच्या विभागात हंगामी प्राध्यापक होते. नोट्स देत नसत, प्रश्न विचारत. पोरांनी तक्रार केली. मी विभागप्रमुख. प्राचार्यांनी मला त्यांच्या तासाला बसून अहवाल द्यायला सांगितलं. त्यावरच त्यांची कायम नेमणूक ठरणार होती.

मी मागच्या बाकावर बसलो. मार्चचं ऊन खिडकीतून वह्यांवर पडलं होतं. मेश्राम म्हणाले, "पुस्तकात छापलं म्हणून खरं काहून मानता गा? बोला ना!" उमरेडहून एसटीनं येणारी, वर्षभर तोंड न उघडलेली एक विणकराची मुलगी उभी राहिली. "सर, मले हे पटून नाही राहिलं," म्हणाली, आणि का ते सांगत गेली. आधी हसलेली पोरं वळून तिचं ऐकू लागली. असा तास मला कधीच जमला नव्हता. माझी एक पिवळी पडलेली वही होती. दरवर्षी तीच मी स्वल्पविरामासकट सांगत असे.

अहवालात मी लिहिलं, 'अभ्यासक्रम मागे आहे. वर्गात शिस्त नाही.'

नेमणूक न होता कॉलेज सोडून जाताना मेश्राम स्टाफरूमच्या दारात थांबले. "सर, त्या दिवशी घंटा झाल्यावरही तुम्ही बसूनच होते," एवढंच म्हणाले.

आज परिपत्रक वाचून दाखवल्यावर नव्या प्राध्यापिकेनं विचारलं, "असा वर्ग कुठे पाहिला का हो सर तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. पुन्हा तेच केलं.