आधी स्वतःच्या डोळ्यात

अकोल्याच्या जुन्या शहरात, मी शिकवते त्या शाळेच्या वाटेवर एक बाई घरी केलेलं काजळ विकायला बसते. नाव मी कधी विचारलं नाही. माक्याच्या रसात भिजवून वाळवलेली वात ती एरंडेलाच्या दिव्यात जाळते, वर तांब्याची थाळी पालथी ठेवते आणि जमलेली काजळी तुपात घोटते. गिऱ्हाईक आलं, की आधी करंगळीनं स्वतःच्या उजव्या डोळ्यात काजळ घालते, चार-पाचदा डोळा मिचकावते आणि मगच डबी पुढे करते.

एकदा मी घाईत होते. संध्याकाळी लेकीचा नाच होता. बाईनं काजळ घातलं आणि तिच्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. घोटण्यात कणी राहिली होती. तिनं भरलेल्या सगळ्या डब्या एकेक करून मातीत पालथ्या केल्या.

"अहो, एवढ्याशा कणीनं काय होतंय? मी लेकीला सांभाळून लावीन," मी म्हणाले.

"माया डोयाले खुपलं मॅडम, ते तुमच्या पोरीच्या डोयात कसं जाऊ देऊ?" पदरानं डोळा दाबत ती म्हणाली. "चार दिवसांनी या. आज नाई देत."

मी चिडून निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानातून काजळाची कांडी घेतली. ही आधी कोणी डोळ्यात घालून पाहिली असेल, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला.

चार दिवसांनी गेले. बाईचा उजवा डोळा अजून लालच होता. मला पाहताच तिनं नव्या डबीत करंगळी बुडवली आणि डावा डोळा ताणून धरला.