चढावर कधीच बंद न पडणारी गाडी

मास्तर गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या हाताखालचा माणूस परीक्षेत चढावर गाडी बंद पाडत नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि ती पसरवण्याचं काम मास्तर स्वतःच मन लावून करत. म्हणून गाडीच्या कंपनीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते घडी घालून बाजूला सारलं. तुमच्या डिझेल गाडीतून ठरल्यापेक्षा जास्त धूर निघतो, चूक आमची आहे, गाडी आणा, फुकट दुरुस्त करून देतो, असं कंपनीचं म्हणणं.

"फुकट आहे ना? मग घोडं कुठे पेंड खातंय?" बायकोने विचारलं.

घोडं पिकअपपाशी पेंड खात होतं. गॅरेजवाल्या मित्राने कानात सांगितलं होतं, "धूर कमी होईल, पण गाडी आधीसारखी ओढणार नाही." आणि मास्तरांची गाडी म्हणजे गरीब गाय. शिकणाऱ्याने क्लचवरचा पाय धाडकन काढला तरी बिचारी गचका खाऊन पुढेच सरकायची. तो जोर गेला तर मंडळी चढावर पटापट गाडी बंद पाडणार आणि मास्तरांचं नाव मातीत जाणार.

"चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?" मास्तर म्हणाले.

"एकदा त्या गाडीमागून चालून बघा, मग बोला."

गाडीमागून मास्तर कधी चाललेच नव्हते. धूर हा मागच्यांचा विषय. शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. दवाखान्यामागच्या ज्या चढावर ते सगळ्यांकडून सराव करून घेत, तिथल्या बाल्कनीत एक आजी बसायच्या. गाडी दिसली की त्या हात हलवायच्या. मास्तरही उलट हात हलवून भोंगा वाजवायचे. वर्षानुवर्षं हा घरोबा चालू होता.

"त्या आजींना गाडीचं केवढं कौतुक आहे! उगाच हात करतात का रोज?"

"मग त्यांनाच विचारा," बायको म्हणाली.

मास्तर खरंच जिना चढून गेले. आजींनी दार उघडलं आणि त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्हीच का ते भोंगेवाले?"

"हो हो! तुम्ही रोज हात करता ना, म्हटलं भेटून यावं."

"हात कसला करते? धूर हाकलते मी!" आजी कडाडल्या. "आधी तोंडावर धूर सोडायचा आणि वर भोंगा वाजवून हसायचं! म्हटलं, माणूस आहे की कोण आहे!" एवढं बोलताना त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि ती काही केल्या थांबेना.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी धावत जाऊन पाणी आणून दिलं. बाल्कनीच्या कठड्यावर हात ठेवला तर तळवा काळा झाला. दुसऱ्याच दिवशी ते गाडी कंपनीत सोडून आले.

गाडी परत आली. सपाट रस्त्यावर काही फरक कळला नाही, तेव्हा दुरुस्तीत जोर गेला म्हणतात पण कळतही नाही, असं सांगत मास्तर खुशीत शिकाऊ शिंपीणबाईंना घेऊन चढावर गेले. बाईंनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सोडला, पुन्हा बंद.

"शिवणयंत्रावर पाय कसा झकास चालतो तुमचा! इथेच काय होतं? सरका, मी दाखवतो."

जागांची अदलाबदल झाली. मास्तरांनी ऐटीत क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला, मान टाकली आणि ती मागे घसरू लागली. मास्तरांची पाचावर धारण बसली. बाईंनी मात्र आता आपल्या पायाशी आलेला, शिकवणाऱ्यासाठी बसवलेला ब्रेक कचकन दाबला.

गाडी थांबली. बाई मास्तरांकडे वळल्या.

"मास्तर, म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना गाडीनेच पास केलं?"

चढ ओला आहे, चप्पल निसरडी आहे, कंपनीने गाडीची वाट लावली आहे, अशा सगळ्या सबबी मास्तरांच्या जिभेवर आल्या. पण बाईंचा पाय अजून ब्रेकवर होता, आणि तो होता म्हणूनच दोघं चढावर होते.

"हो," मास्तर म्हणाले. त्यांचे कान तापले होते. लाज वाटत होती, आणि का कोण जाणे, हसूही येत होतं. "मला वाटायचं, मीच करतोय. पाय काढू नका हं."

त्यांनी किल्ली फिरवली आणि आयुष्यात पहिल्यांदा क्लच हळूहळू सोडला.